अपेक्षित उत्तर

बी.एड. केलेल्या मैत्रिणींना ‘पाठ टाचण’ हा शब्द नुसता ऐकला तरी आजही घाम फुटेल. एका बाजूला शिक्षकाचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला मुलांची अपेक्षित उत्तरे. सूक्ष्म पाठाला आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसत, त्यामुळे उत्तर हमखास अपेक्षितच यायचे. खरी परीक्षा सराव पाठाची.

2011 चा डिसेंबर. बीडमधली शाळा, सातवीचा वर्ग, घटक ‘नगदी पिके’. मागे निरीक्षणवही उघडून आमच्या मॅडम बसलेल्या. मी उसाचे चित्र लावून विचारले, “ऊस म्हटलं की काय आठवतं?” टाचणात उत्तर होते, साखर, गूळ, रस.

एक मुलगा उठून म्हणाला, “कोयता.”

मुले हसली. मी घड्याळाकडे पाहिले. “बस खाली. दुसरं कोण सांगेल?” मग ‘साखर’ आली आणि पाठ अगदी वेळेत संपला.

मॅडमनी शेरा लिहिला होता, ‘फलकलेखन सुवाच्य. वेळेचे नियोजन चांगले. एक बरोबर उत्तर नाकारले.’

शहरात वाढलेल्या मला त्यांनीच सांगितले की, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही मुले बरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. हा मुलगा आजीकडे राहत होता. त्याचे आई-वडील तोडीवर होते.

पुढच्या पाठाला मी त्यालाच ऊसतोडीबद्दल विचारले. तो मोळ्या कशा बांधतात, गाडी कशी भरतात ते सांगत राहिला. उसाच्या हिरव्या शेंड्यांना वाढे म्हणतात आणि ते जनावरांना घालतात, हे मला त्यानेच शिकवले. “तुझं उत्तर बरोबर होतं,” असे मात्र वर्गासमोर म्हणायचे राहून गेले. ते अजून सलते.

लग्नानंतर नोकरी सुटली. आता इथे मस्कतला शुक्रवारी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते. गेल्या आठवड्यात विचारले, “दिवाळी म्हटलं की काय आठवतं?” कंदील, चकली, रांगोळी अशी उत्तरे आली. एक चिमुरडी म्हणाली, “एअरपोर्ट.”

सगळे हसले. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटले, “का गं? सांग बरं.”

“दिवाळी झाली की आजी तिथूनच परत जाते.”

मग वर्गातला प्रत्येक जण आपापल्या आजीबद्दल बोलू लागला. त्या दिवशीचा धडा तसाच राहिला.