वार्धक्य आणि शरीराची शिल्लक

"आतां वय झालें, हृदय थकलें, मूत्रपिंडें झिजलीं," असें घरोघरीं सहज बोललें जातें. या बोलण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु झीज निराळी आणि रोग निराळा, हा भेद त्यांत हरपतो. निरोगी वृद्धाच्या शरीरांत रोजचा खर्च भागतो. घटते ती शिल्लक.

प्रथम हृदयाचा विचार करावा. स्वस्थ बसलेल्या सत्तरीच्या निरोगी माणसाचें हृदय तरुणाच्या हृदयाइतकेंच रक्त जवळजवळ पुढें ढकलीत असतें. फरक कळतो तो जिना चढतांना. श्रमाच्या वेळीं नाडी मिनिटास जास्तींत जास्त किती पडेल, याचा स्थूल अंदाज २२० मधून वय वजा करून मिळतो. विसाव्या वर्षीं सुमारें २००, तर सत्तराव्या वर्षीं सुमारें १५०. धमन्या ताठर झाल्यामुळें वरचा रक्तदाब चढूं लागतो, हृदयाच्या डाव्या बाजूची भिंत किंचित् जाड होते आणि ठोक्यानंतर तें सैल पडण्यास अधिक वेळ लागतो.

हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडांत सरासरीनें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठीं त्या दोहोंतून सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर वगळतां सर्व रक्तांत परत येतो. चाळिशीनंतर कांहीं गाळण्या हळूहळू निकामी होतात. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें १९५८ सालीं वार्धक्याचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यांतील २५४ निरोगी माणसांच्या १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गाळण्याचा वेग दरवर्षीं मिनिटास सरासरी पाऊण मिलिलिटरनें उतरलेला दिसला. मात्र सुमारें एक तृतीयांश माणसांत उतार मुळींच आढळला नाहीं. काळ सर्वांना एकाच मापानें झिजवीत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

येथेंच एक फसवी गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. रक्तांतील क्रिएटिनिन हें द्रव्य स्नायूंपासून उत्पन्न होतें. उतारवयांत स्नायू घटले कीं तें कमी तयार होतें. त्यामुळें गाळणें मंदावलें तरी तपासणीचा आकडा पूर्वीचाच राहतो. घरच्या मंडळींचें समाधान होतें. पण डिगॉक्सिनसारखें हृदयाचें औषध, जें मुख्यतः मूत्रपिंडांवाटें बाहेर पडतें, तें तरुणाच्या मात्रेनें दिल्यास शरीरांत सांचतें आणि हृदयाची लय बिघडवूं शकतें. म्हणून केवळ क्रिएटिनिनवर न विसंबतां वय लक्षांत घेऊन काढलेला गाळण्याचा वेग डॉक्टरांस विचारावा. औषधाची मात्रा मात्र आपल्या मनानें बदलूं नये.

शिल्लक कमी असली म्हणजे अकस्मात् आलेला खर्च जड जातो. वृद्धास तहान कमी लागते, मूत्र दाट करण्याची शक्तीहि उणावलेली असते. अशा वेळीं जुलाब किंवा उन्हाळ्याचा ताप आला, आणि त्यांत वेदनाशामक गोळ्यांची भर पडली, तर निरोगी मूत्रपिंडेंहि एकाएकीं संकटांत येतात.

उलटपक्षीं, पायांवर सूज येणें, आडवें होतांच धाप लागणें, हीं वयाचीं लक्षणें नव्हेत. "म्हातारपण आहे, चालायचेंच" असें म्हणून तीं अंगावर काढणें म्हणजे बरा होण्याजोगा रोग वाढूं देणें होय.