शाळेच्या बसचा धूर कोणाच्या छातीत?

सकाळी सातच्या सुमारास कामठी रोडवर उभे राहिले की पिवळ्या स्कूल बसची रांगच दिसते. त्यातल्या बहुतेक खासगी शाळांच्या. आपल्या उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमधली बरीच मुले त्यात बसतच नाहीत. ती पायी जातात, सायकलने जातात, नाहीतर ऑटोत कोंबून. बस त्यांच्या वाट्याला येत नाही, धूर तेवढा येतो आणि तोही नेमका त्यांच्या नाकाच्या उंचीवर.

मोठा माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. सहा-सात वर्षांचे मूल त्याहून भराभर घेते, आणि वजनाच्या मानाने कितीतरी जास्त हवा आत ओढते. शिवाय त्याचे फुप्फुस अजून वाढीला लागलेले असते. डिझेलच्या धुरातले बारीक कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. याच संघटनेने 2021 साली या कणांची वर्षभराची मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाचे मानक 40 आहे.

बसमध्ये बसलेले मूल तरी सुटते का? नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वीसेक वर्षांपूर्वी शाळेच्या डिझेल बसमध्ये बसून मोजमाप केले गेले, तेव्हा बसचा स्वतःचाच धूर आत शिरतो असे दिसले. तिथे 2021 च्या कायद्याने स्वच्छ स्कूल बससाठी पाच वर्षांत 5 अब्ज डॉलर ठेवले.

आपल्याकडे पैसा कुठे आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 'पीएम ई-बस सेवा' मंजूर केली. देशभर 10,000 बस, त्यात नागपूरही आहे. पण या बस शहर वाहतुकीच्या, शाळांच्या नाहीत. खासगी शाळेने स्वतः इलेक्ट्रिक बस घ्यायची तर किंमत डिझेल बसच्या कितीतरी पट. ती फीमध्येच वसूल होणार. म्हणजे ज्यांची फी भरायची ऐपत, त्यांच्याच मुलांना स्वच्छ हवा. हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मनपाच्या ताब्यात येणाऱ्या इलेक्ट्रिक बसपैकी काही गाड्या शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वस्ती ते शाळा अशा ठरलेल्या मार्गांवर चालवा. मनपाच्या आणि अनुदानित शाळांच्या मुलांना त्यात पास द्या. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत मानव विकासच्या एसटी बस मुलींना शाळेत नेतातच की! मग शहरातल्या झोपडपट्टीतल्या मुलीने काय पाप केले?

हिशेबही जुळतो. शाळेची बस दिवसभरात साठ-सत्तर किलोमीटर धावली तरी पुष्कळ. नऊ मीटरच्या बसला किलोमीटरमागे साधारण एक युनिट वीज धरली, तर सत्तरेक युनिट. आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात गाडी उभीच असते. तेव्हा, ऊन डोक्यावर असताना, डेपोच्या छपरावरच्या सौर पॅनेलवर ती चार्ज होऊ शकते. छप्पर हवेच, कारण नागपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि बॅटरीला उष्णता मानवत नाही.

सौर पॅनेलचा आग्रह उगीच नाही. नागपूरची वीज म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याचा कोळसा. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राख शेतात आणि पाण्यात गेली. मे 2023 मध्ये तिथल्या नव्या संचांवर जनसुनावणी झाली, विरोधही झाला. शहरातल्या बसचा धूर बंद झाला आणि कोराडीच्या गावांत राख वाढली, तर आम्ही त्याला बदल म्हणणार नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. वीज कोणासाठी, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

घाईने आणलेल्या गाड्यांचे काय होते, हे नागपूरने दोनदा पाहिले आहे. इथेनॉलवर चालणारी ग्रीन बस 2014 मध्ये वाजतगाजत आली आणि 2018 मध्ये देण्याघेण्याच्या वादात बंद पडली. मे 2017 मध्ये 200 विद्युत टॅक्सी-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. चालकांचे तास चार्जिंगच्या रांगेत गेले, आणि वाहतूक तुंबते म्हणून रहिवाशांच्या विरोधामुळे एक चार्जिंग केंद्र बंद करावे लागले. आधी डेपो, वीजजोडणी, चालकांचे प्रशिक्षण, मग गाडी. फीत कापणे सर्वांत शेवटी.

तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. त्यात मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षक असतात. तुमच्या शाळेची समिती आहे का, ते विचारा. फाटकासमोर इंजिन चालू ठेवून बस उभी राहणार नाही, एवढा एक ठराव करून घ्या. त्याला एक पैसा लागत नाही. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात ठेवा आणि बाईंना सांगून ठेवा. पंपाला घाबरू नका, त्याची सवय लागते हा गैरसमज आहे. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा.

आम्ही मार्गांची यादी करायला घेतली आहे. तुमच्या वस्तीतून किती मुले कुठल्या शाळेत जातात, किती अंतर चालतात आणि शाळेची वेळ काय, एवढे एका कागदावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. ही यादी घेऊन आम्ही मनपाच्या परिवहन विभागात जाणार आहोत.