हवेत उभी करून ठेवायची गाडी

१९३९ साली अमेरिकेत ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा एकतिसावा अंक निघाला. त्याच वर्षी जन्मलेल्या बॅटमॅनला या अंकात पहिल्यांदा उडतं वाहन मिळालं. नाव बॅटगायरो. वटवाघळाचा घाट आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. त्यात एक करामत अशी, की बॅटमॅन हे वाहन चक्क हवेतच उभं करून ठेवू शकत असे. आपण स्टँडवर मोटरसायकल लावतो, तितक्या सहज!

वाचणाऱ्या पोरांना त्यात वावगं काही वाटलं नसणार. बॅटमॅन आहे म्हटल्यावर एवढं चालायचंच. पण विमानातलं थोडंफार कळणारा माणूस तिथेच अडला असता. त्या वाहनातली सर्वांत अशक्य गोष्ट हीच होती.

का? विमान वर राहतं ते पुढे धावतं म्हणून. पंखांवरून वारा वाहायचा थांबला, की विमान म्हणजे नुसतं लोखंड-ॲल्युमिनिअमचं ओझं. चित्रातलं वाहन दिसायला ऑटोगायरोसारखं होतं. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश माणसाचा ऑटोगायरो १९२३ मध्ये उडाला होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा इंजिन फिरवत नाही. यंत्र पुढे जातं, त्या वाऱ्यानं तो आपोआप फिरतो. म्हणजे पुढे जाणं थांबलं की हा गडी हळूहळू खाली बसणार. हवेत उभं राहणं त्याच्या स्वभावातच नाही.

आता गंमत पाहा. त्या अंकावर महिना छापलाय सप्टेंबर १९३९. आणि त्याच सप्टेंबरच्या १४ तारखेला अमेरिकेतच इगोर सिकोर्स्की डोक्यावर फेल्ट हॅट घालून आपल्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरमध्ये बसला. यंत्र जमिनीपासून जरासंच उचललं गेलं. ते उलटू नये म्हणून खाली दोरांनी बांधून ठेवलं होतं. कॉमिकमधलं यान शहरावर निवांत उभं, आणि खरं यान दावणीला!

ती करामत आज आपल्या डोळ्यांनी बघायची असेल, तर खरिपात वर्धा जिल्ह्यात या. देवळी, सेलू, हिंगणघाटकडच्या कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटीवर आणि तुरीवर फवारणी करणारे ड्रोन आता फिरू लागलेत. धुऱ्यावरून यंत्र उठतं, माणसाच्या डोक्याहून जरा उंच जातं आणि थांबतं. वारा ढकलतो, पण ते जागचं हलत नाही. चालवणाऱ्यानं रिमोटवरची बोटं काढून घेतली तरी ते तिथेच. बघणारे नंतरची फवारणी बघायला जमलेले असतात. मला विचाराल, तर खरा चमत्कार फवारणी सुरू होण्याआधीच घडून गेलेला असतो.

हे यंत्र उभं कसं राहतं? सहा पंखे, सहा मोटरी. काहींना चार असतात. पंखा एका बाजूला फिरला, की यंत्राचं अंग उलट्या बाजूला फिरू पाहतं. म्हणून निम्मे पंखे डावीकडून उजवीकडे फिरतात, निम्मे उजवीकडून डावीकडे. ओढाताण फिटंफाट. पुढे जायचंय? मागचे पंखे किंचित जोरात फिरवा. यंत्र नाक खाली करतं आणि सरकतं. जागच्या जागी गिरकी घ्यायचीय? एका दिशेनं फिरणाऱ्यांचा वेग वाढवा, दुसऱ्यांचा कमी करा. संपलं. सुकाणू नाही, शेपटी नाही, गिअर नाही, तारा-कप्प्या नाहीत. फक्त पंख्यांचे वेग कमीजास्त करायचे. उडण्याचं याहून साधं यंत्र कुठलं असेल?

इतकं साधं, तर मग ते आधीच का नाही झालं? झालं होतं की! १९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्रोफेसर रिशे यांनी चार कोपऱ्यांवर चार फिरते पंखे लावलेलं एक अवाढव्य यंत्र बांधलं. ते माणसाला घेऊन दोनेक फूट उचललं गेलं. पण चारही कोपऱ्यांवर एकेक माणूस उभा होता, यंत्र कलू नये म्हणून हातानं सावरून धरायला. कलंडतंय कुठे ते बघायचं आणि त्या बाजूनं आधार द्यायचा, एवढंच त्या चौघांचं काम. नंतरची ऐंशी-नव्वद वर्षं चार पंख्यांचं यान मागे पडलं, ते या चार माणसांची जागा घेणारं काही सापडेना म्हणून.

तळहातावर काठी उभी तोलून बघा. काठी पडायला लागल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. ती पडायचा विचार करते तेव्हाच हात सरकायला हवा. ड्रोनचं तसंच आहे. त्याला सेकंदाला शेकडो वेळा स्वतःला विचारावं लागतं: मी कललोय का? कुठे? किती? आणि उत्तर मिळताक्षणी सहाही मोटरींना नवा हुकूम द्यावा लागतो. माणसाचा मेंदू इतक्या झपाट्यानं चालत नाही. मग हे उत्तर देतं कोण?

देते एक चकती. करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक कण सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे थरथरत असतो. थरथरणारी वस्तू बसलेली जागा वळली, की ती वस्तू सरळ जाण्याऐवजी थोडी आडवी सरकते. हे सरकणं इतकं बारीक, की काही चकत्यांमध्ये ते एका अणूच्या व्यासाहूनही कमी भरतं. चकती ते विजेच्या फरकातून मोजते आणि सांगते, वळलास, इतका वळलास.

आणि हे आडवं सरकणं तुमच्या ओळखीचं आहे! गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञानं १८३५ मध्ये त्याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्त ओलांडून आलेले वारे उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. त्यांनाच आपण मोसमी वारे म्हणतो. जो परिणाम हजारो किलोमीटरच्या वाऱ्यांना वळवून त्या पऱ्हाटीवर पाऊस आणतो, तोच त्या पऱ्हाटीवर उभ्या ड्रोनच्या पोटात एका कणाला अणूभर सरकवतो. मला तरी याहून मोठं आश्चर्य त्या यंत्रात सापडलेलं नाही.

ही चकती स्वस्त झाली ती शेतीसाठी नव्हे. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं व्हावं, गेम खेळताना फोन वळवला की गाडी वळावी, या हौशींसाठी असले जाणिवेचे कण कोट्यवधींनी बनू लागले. किंमत कोसळली. हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या त्याही कॅमेरा, फोन, लॅपटॉपच्या पायी. १९८० च्या दशकात निओडायमिअमचे जबरदस्त लोहचुंबक आले आणि मुठीएवढ्या मोटरीत दांडगी ताकद मावू लागली. तीन वेगवेगळ्या कारखान्यांतली ही तीन चिल्लर नवलं एकत्र आली आणि १९०७ मधली ती चार माणसं सुट्टीवर गेली.

आता यात फवारणीची टाकी घाला. दहा लिटर द्रावण, म्हणजे सुमारे दहा किलो. भरलेलं यंत्र पंचवीस किलोच्या आसपास. उडता उडता ते काही मिनिटांत स्वतःचं एक तृतीयांशाहून जास्त वजन गमावणार. वर ते पाणी टाकीत डचमळणार. वळलं की एका अंगाला, थांबलं की पुढे. विमानाच्या पायलटला असं ओझं दिलं तर तो नोकरी सोडेल. ड्रोन मात्र तक्रार न करता प्रत्येक हिंदोळ्याला उलटा टेकू देत राहतो.

तोल सांभाळला, पण आपण आहोत कुठे हे त्याला कसं कळतं? डोक्यावर वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतायत. प्रत्येकात अणुघड्याळ. ‘मी इथे आहे, आत्ता इतके वाजले’ एवढंच ते ओरडून सांगत असतात. कुणाची हाक किती उशिरा पोहोचली, त्यावरून ड्रोन अंतर काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळ किती काटेकोर लागेल बघा. आणि उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं! वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते पुढे जातं, वेगामुळे थोडं मागे पडतं, आणि दोन्हींची वजाबाकी ही एवढी. आइन्स्टाइननं सांगितलेली ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात हिशेब दहा किलोमीटरनं चुकेल. सेलूचं वावर फवारायला निघालेला ड्रोन भलत्याच शिवारात सापडेल.

एवढं करूनही साधा जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे होतो. पऱ्हाटीच्या दोन ओळींत अंतर तीन-चार फूट. म्हणजे दोन ओळी कोरड्या राहणार आणि दोन ओळींवर दुप्पट औषध पडणार. त्यावर उपाय म्हणून धुऱ्यावर एका तिकाटण्यावर दुसरा रिसीव्हर ठेवतात. तो हलत नाही. त्याला स्वतःची जागा पक्की ठाऊक, म्हणून उपग्रहाच्या हिशेबात या क्षणी किती चूक आहे ते तो ड्रोनला सांगत राहतो. चूक सेंटिमीटरांवर येते.

उंचीचा प्रश्न वेगळाच. वावर काही टेबल नाही. चढ आहे, खोलगट आहे, मध्येच तुरीची ओळ उंच वाढलेली. म्हणून चांगल्या ड्रोनच्या पोटाशी एक छोटं रडार असतं. ते खाली लहरी सोडतं आणि पिकाच्या शेंड्यापासूनचं अंतर राखतं. पंख्यांचा खाली येणारा झोत थेंबांना पानांत दाबतो, पानं हलवतो. पाठीवरच्या पंपानं एकराला शंभर-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथे हा आठ-दहा लिटरमध्ये भागवतो. एवढं बारीक करून उडवलेले थेंब वाऱ्यानं शेजारच्या वावरात जायचा धोकाही तितकाच खरा. कापूस दाट वाढला की तळच्या पानापर्यंत औषध पोहोचायला त्रास होतो. त्याला सगळं जमतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण त्याला एक गोष्ट निश्चित जमते. चालवणारा औषधाच्या धुक्यात नसतो. २०१७ च्या खरिपात वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पीक डोक्याएवढं, पंप पाठीवर, आणि उडालेलं औषध नाकातोंडात. बॅटमॅनचं यान त्याला संकटाजवळ न्यायचं. इथे यानाचं काम नेमकं उलट, माणसाला लांब ठेवायचं.

यानाबरोबर येणारी हत्यारं बघायची असतील, तर केंद्र सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेची यादी वाचा. महिला बचत गटांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात ती मंजूर झाली. १५ हजार गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान. संचात फवारणीच्या जोडणीसह ड्रोन, खाली बघणारा कॅमेरा, जलद चार्जर, जादा पंखे, जादा नोझल आणि दोन अशी उपकरणं, की वाचताना नजर अडते: वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणि पीएच मीटर. वारा मोजायचा तो औषध भलतीकडे जाऊ नये म्हणून. पीएच मीटर कशाला? विहिरीचं पाणी जास्त अल्कधर्मी असेल, तर काही कीटकनाशकं टाकीतच फुटू लागतात आणि अळीपर्यंत पोहोचण्याआधी दुबळी होतात. एवढ्या उपग्रहांनी नेमकी जागा दाखवली, आणि टाकीत निघालं नुसतं पाणी, असं नको व्हायला!

निवडलेल्या बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. पाच दिवस उडवण्याचं, दहा दिवस खत-औषध फवारण्याचं. आणि गटातल्या किंवा घरातल्या, दुरुस्तीची आवड असलेल्या आणखी एकाला ‘ड्रोन सहायक’ म्हणून तयार करायचं. बॅटमॅनलाही रॉबिन मिळायला १९४० उजाडलं होतं. इथे तो संचाबरोबरच.

मात्र हे यान बॅटमॅनसारखं वाटेल तिथे जाऊ शकत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखलेत. हिरव्यात मोकळीक, पिवळ्यात परवानगी, लालमध्ये केंद्राची संमती. वर्धा जिल्ह्यात तर पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार आहे. उडवण्याआधी नकाशा बघितलेला बरा.

आणि या सगळ्या बुद्धीला वेसण आहे ती बॅटरीची. कॉमिकमध्ये कधी कुणी यान चार्जिंगला लावलेलं बघितलंय? एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा हजार वॅट-तास ऊर्जा असते, एक किलो लिथियम बॅटरीत दोनशे-अडीचशे. पन्नास पटींचा फरक! हवेत उभं राहणं हे उडण्यातलं फार खर्चिक काम, कारण सगळं वजन क्षणोक्षणी फक्त पंख्यांनी उचलायचं. म्हणून भरल्या टाकीचा ड्रोन दहा-पंधरा मिनिटांत धापा टाकत धुऱ्यावर येतो. योजनेत बॅटरीचे चार जादा संच दिलेत ते त्यासाठीच. दिवसाला वीस एकरांपर्यंत फवारणी, असा सरकारी हिशेब आहे. एक संच वर, एक गार होतोय, एक चार्जिंगला. पण वावरात वीज कुठली? मग बरेच फवारणीवाले सोबत छोटा जनरेटर आणतात. म्हणजे शेवटी पेट्रोलच. फक्त ते उडत नाही, धुऱ्यावर बसून भडभड करत राहतं.