आधी काय, मग काय?

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मूल स्वमग्न आहे. आंघोळीचे नाव काढले की तो जमिनीवर लोळण घेई, डोके आपटून घेई. ‘डॉक्टर, घरात सगळे म्हणतात, मीच त्याला लाडावून ठेवलंय,’ हे सांगताना तिचे डोळे भरून आले. ‘आधी मोबाईल बंद करा,’ एवढेच सांगून मी तिला परत पाठवले. तो सल्ला अपुरा होता.

पुढच्या भेटीत तीच म्हणाली, की थोरल्या मुलीने बादली, तांब्या, टॉवेल यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून भावाला ओळीने दाखवले. तो रडायचा थांबला आणि पाहू लागला.

असे का झाले? स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. ती लाडाने होत नाही. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हाच नेहमीच्या क्रमातील बदल त्यांना सहन होत नाही हे नोंदले होते. पुढे काय होणार हे न कळल्याने मूल घाबरते. बोललेला शब्द क्षणात विरतो. चित्र समोर टिकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ पासून ‘टीच’ या कार्यक्रमातून ही चित्रांची पद्धत रुजली.

पालकांनी सुरुवात अशी करावी :

१) फोटो आपल्याच घरातल्या वस्तूंचे घ्यावेत. मुलाला परकी बादली ओळखू येईलच असे नाही.

२) प्रथम दोनच फोटो दाखवावेत : आधी आंघोळ, मग झोका. आंघोळ झाल्यावर झोका मिळालाच पाहिजे.

३) काम संपले की मुलाच्याच बोटाने तो फोटो ‘झाले’ या रकान्यात सरकवावा. अशी सोय असलेली अ‍ॅप मिळतात. रंगीत चकती आकसत जाणारे घड्याळ लावले, तर किती वेळ उरला हेही मुलाला दिसते.

४) बदलासाठी एक खूण ठरवावी. नळाला पाणी आले नाही, तर आधी ती खूण दाखवावी.

५) चार्जिंग संपते, म्हणून हेच फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवावेत.

मग मोबाईलची सवय लागणार नाही का? ही शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसात १ तासाहून अधिक काळ बसून पडदा पाहू नये. कमी तितके चांगले. या कामाच्या मोबाईलवर कार्टून लावू नये. फोटो दाखवावा, काम करावे, मोबाईल बाजूला ठेवावा.

डोके आपटणे अचानक वाढले, तर कान किंवा दात दुखतो आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी.

परवा ती माय-लेकरे पुन्हा आली. रडणे पूर्ण थांबलेले नाही. पण बऱ्याच सकाळी तो स्वतः टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे जातो. ‘आता कोणी मला बोलत नाही,’ आई म्हणाली. मीही आता मोबाईल बंद करा म्हणण्याआधी, तो कशासाठी वापरता, हे विचारतो.