हे कशाचे?

बक्षीस समारंभाला ज्यांनी कधी ना कधी हजेरी लावली आहे, त्यांना तो क्षण चांगला ठाऊक असतो. प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबलेले असते. निवेदक घड्याळाकडे पाहत कागद पुढे ओढतो आणि म्हणतो, ‘प्रथम उत्तेजनार्थ पारितोषिके.’ नेमकी याच वेळी सभागृहात चुळबुळ सुरू होते. कोणी पाणी प्यायला उठतो. फोटोग्राफर कॅमेरा खाली घेतो, कारण पहिल्या तिघांचेच फोटो काढायचे असे त्याला सांगितलेले असते. चार-पाच मुले व्यासपीठाच्या एका पायरीने चढतात, पाहुण्यांच्या हातून कागद घेतात आणि दुसऱ्या पायरीने उतरतात. टाळ्या वाजतात, पण त्या पुढच्या दोन रांगांतच. मग तिसरा क्रमांक पुकारला जातो आणि सभागृह सावरून बसते.

गेली तीस-बत्तीस वर्षे मी निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांचा परीक्षक म्हणून गावोगाव जातो आहे. पहिला क्रमांक कोणाचा यावर परीक्षकांत क्वचितच वाद होतो. चांगले ते चांगले, हे तिघांनाही दिसते. खरी कसोटी लागते ती निकालपत्राच्या तळाशी. संयोजक हळूच येऊन विचारतात, ‘सर, उत्तेजनार्थ किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे अगदी निष्काळजीपणाने देत आलो. त्याची कबुली पुढे देणारच आहे. पण आधी माझ्या स्वतःच्या प्रमाणपत्राविषयी सांगायला हवे.

१९७३ साली मी आठवीत होतो. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने आमच्या भागाचे कंबरडे मोडले होते. गावाबाहेर दुष्काळी कामे निघाली होती. घरोघरच्या बायका खडी फोडायला जात. माझी आत्याही जात असे. त्या वर्षी तालुक्याच्या निबंध स्पर्धेचा विषय होता ‘माझे गाव’. मी चार पाने लिहिली आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. शाईचे एक पेन आणि एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलेले होते.

घरी आल्यावर वडिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘नंबर आला का?’ त्यांनी विचारले. मी मान हलवली. ‘नाही ना? मग हे कशाचे?’ त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हते. मलाही कळत नव्हते. मी तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातला.

मात्र एक गोष्ट मी वडिलांना सांगितली नव्हती. समारंभ संपल्यावर परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ खाली आले होते. माझा निबंध त्यांच्या हातात होता. ते म्हणाले, ‘खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातांविषयी लिहिलेस, तो परिच्छेद तुझा आहे. शेवट मात्र पाठ्यपुस्तकातला आहे. पुढच्या वेळी शेवटही तुझाच लिही.’ एवढेच बोलून ते एस.टी. गाठायला निघून गेले. त्यांचे नाव मला आजही माहीत नाही. पुढे मी शिक्षक झालो, थोडेफार लिहू लागलो. आजही लेखाच्या शेवटाशी आलो की हात थबकतो आणि मी स्वतःला विचारतो, हे माझे आहे की पाठ केलेले?

‘उत्तेजन’ या शब्दाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. संस्कृतातील ‘तिज्’ या धातूपासून तो आला. तिज् म्हणजे तीक्ष्ण करणे, धार लावणे. तेज, तीक्ष्ण हे शब्द याच कुळातले. म्हणजे उत्तेजन देणे याचा मूळ अर्थ पाजळणे, धार लावणे असा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या पूर्वजांना हा शब्द मोठा प्रिय होता. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी गायनोत्तेजक मंडळी काढली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्या संस्थेची, तिचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. त्या काळी ‘उत्तेजक’ म्हणजे हरलेल्याची समजूत घालणारा नव्हे. जे आहे त्याला धार आणणारा, असा त्याचा अर्थ होता. आपण मात्र शब्द तोच ठेवून त्यात सांत्वन भरले. धार त्याच सुरीला लावतात जी वापरायची असते. टाकून द्यायच्या सुरीला कोणी सहाणेवर धरत नाही.

पहिल्या क्रमांकाखालच्या उल्लेखाला मोल नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी १९५४ सालची एक यादी पाहावी. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिले गेले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. मराठी माणसाला हे पाठ असते, आणि असावेही. पण त्याच यादीत खाली गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांची नावे आहेत. त्यांत एक नाव आहे बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’चे. त्याच वर्षी कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि फिल्मफेअरचा पहिलावहिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही. म्हणून दिल्लीच्या समितीने चूक केली असे मी म्हणत नाही. ‘श्यामची आई’ आपल्या जागी अढळ आहे. एकाच वर्षी एका आईची गोष्ट आणि एका शेतकऱ्याची गोष्ट समोर आली, आणि पदक एकच होते. समितीने ते एकाला दिले व दुसऱ्याचे नाव कागदावर ठेवले. ते नाव नसते तर त्या वर्षीचा निकाल अर्धाच राहिला असता. पुरस्काराची यादी म्हणजे निव्वळ विजेत्यांचा सत्कार नव्हे, ती त्या वर्षाची साक्षही असते.

पण नुसते नाव ठेवून भागत नाही. कशासाठी ठेवले, हे ज्याचे त्याला कळले पाहिजे. या बाबतीत सर्वांत स्वच्छ नियम मला सापडला तो गणितात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये शाळकरी मुलांना दोन दिवसांत सहा प्रश्न सोडवायचे असतात. रोज साडेचार तास, प्रत्येक प्रश्नाला सात गुण. पदके फार तर निम्म्या स्पर्धकांना मिळतात. उरलेल्यांसाठी १९८८ सालच्या ऑस्ट्रेलियातील स्पर्धेपासून सन्माननीय उल्लेखाची पद्धत सुरू झाली. पदक नाही, पण ज्याने एक तरी प्रश्न पूर्ण सोडवून सातपैकी सात गुण मिळवले, त्याला हा उल्लेख मिळतो. भारत या स्पर्धेत १९८९ पासून उतरतो, आणि १९९६ साली ती मुंबईतच भरली होती. या नियमातली गंमत पाहा. सगळ्या प्रश्नांत थोडे थोडे गुण गोळा करणाऱ्यापेक्षा एकच प्रश्न शेवटपर्यंत नेणाऱ्याची इथे नोंद घेतली जाते. त्या मुलाला घरी कोणी विचारले, ‘हे कशाचे?’, तर तो ताठ मानेने सांगू शकतो, ‘एक प्रश्न मी पूर्ण सोडवला, त्याचे.’

याची दुसरी बाजूही आहे. थोडक्यात हुकलेल्याला उल्लेख देणे म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणे, असे काहींना वाटते. त्यात तथ्य नाही असे नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील खेळाडूंचे चेहरे पाहून मेडवेक, मेडी व गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसले. कारण रौप्यवाल्याची नजर हुकलेल्या सोन्यावर असते, तर कांस्यवाला आपण रिकाम्या हाताने परतलो नाही या समाधानात असतो. मग चौथ्याचे काय? १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ऑलिम्पिकमध्ये पहिल्या आठांना सन्मानपत्र देतात. पण त्या शंभराव्या भागाची हळहळ आजही या देशाला वाटते. ती कोणत्याही सन्मानपत्राने जायची नाही. मात्र ज्याचे नावच घेतले जात नाही, त्याच्यासाठी हळहळणारे तरी कोण असते? दुःख टाळण्यासाठी उल्लेखच टाळणे हा उपाय नव्हे.

आता ती कबुली. २००९ साली एका जिल्ह्याच्या ठिकाणी आंतरशालेय निबंध स्पर्धेला मी परीक्षक होतो. दीडशेच्या आसपास निबंध होते. पहिले तीन आम्ही नीट निवडले. मग संयोजकांनी सांगितले की पंधरा प्रमाणपत्रे छापून आली आहेत आणि भाग घेतलेल्या प्रत्येक शाळेला काहीतरी मिळाले तर बरे. मी शाळांची यादी पुढ्यात घेतली आणि गठ्ठ्यातून एकेक नाव काढत गेलो. दहा मिनिटांत काम झाले. आपण कोणाचे वाईट केले असे मनातही आले नाही. उलट बारा मुले खूश होतील असेच वाटले.

समारंभानंतर त्यांतली एक मुलगी माझ्याजवळ आली. सातवीतली असावी. प्रमाणपत्र तिने छातीशी धरले होते. ‘सर, माझ्या निबंधात काय चांगलं होतं?’ तिने विचारले. मला तिचा निबंध आठवेना. मी म्हणालो, ‘भाषा छान होती तुझी. अशीच लिहीत राहा.’ ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘पण भाषा तर माझी कच्ची आहे, सर. बाई रोज सांगतात.’ ती तक्रार करत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी संयोजकांना फोन करून निबंध मागवले, तर ते रद्दीत गेले होते. त्या मुलीने त्या चार पानांत काय लिहिले होते, हे मला आता कधीच कळणार नाही. एस.टी.ची घाई असतानाही खाली उतरून आलेले ते गृहस्थ मला त्या रात्री आठवले. त्यांनी मला जे दिले, ते मी तिला देऊ शकलो नव्हतो, आणि माझ्याकडे तर भरपूर वेळ होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. उत्तेजनार्थ म्हणून ज्याचे नाव द्यायचे, त्याच्याविषयी एक वाक्य लिहायचे. काय साधले ते, आणि जमल्यास काय राहिले तेही. असे वाक्य सुचले नाही तर नाव द्यायचे नाही. संयोजकांना हे रुचत नाही. छापलेली प्रमाणपत्रे उरतात, एखादी शाळा रुसते. व्यासपीठावरून ही वाक्ये वाचा म्हटले की वेळ कुठे आहे असे विचारतात. मी सांगतो, माझ्या भाषणातली पाच मिनिटे घ्या. ही वाक्ये वाचली जाऊ लागली की चुळबुळ थांबते, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांना वाटलेले कौतुक कोणाचेच नसते. पण नेमक्या एकाविषयी नेमके काही सांगितले, की बाकीचेही कान देऊन ऐकतात.

ट्रंकेतले माझे प्रमाणपत्र पुढे वाळवीने खाल्ले. वडीलही गेले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्या खिशातच होते, पण मला ते देता आले नाही. आत्याच्या हातांविषयी मी जे लिहिले, त्याचे ते प्रमाणपत्र होते.

या वर्षीही जानेवारीत एका संस्थेचा फोन आला. तारीख ठरली, येण्याजाण्याचे ठरले. शेवटी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘सर, प्रमाणपत्रे छापायची आहेत. उत्तेजनार्थ किती?’

म्हटले, ‘वाचून झाल्यावर सांगतो.’