विष उतरवणारं स्वयंपाकघर

जर्मनीचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स ब्राझीलच्या पारा राज्यातल्या बेलेमच्या हवामान परिषदेहून परतल्यावर त्या गावाबद्दल जे तुच्छतेने बोलले आणि त्यावरून ब्राझीलमध्ये केवढा गदारोळ झाला, हे अनेकांनी वाचलं असेल. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. राष्ट्राध्यक्ष लुला यांनी दिलेलं उत्तर मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेर्त्स यांनी पारा राज्यातल्या एखाद्या साध्या बारमध्ये जायला हवं होतं, नाचायला हवं होतं, तिथलं जेवण चाखायला हवं होतं. मग बेलेममध्ये जे मिळतं त्याच्या दहा टक्केही बर्लिनमध्ये मिळत नाही हे त्यांना कळलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. देशाच्या अपमानाला त्यांनी जेवणाच्या पानावरून उत्तर दिलं.

पण याच पानाला त्याच्या तीन महिने आधी खुद्द परिषदेच्या दारातच अडवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये इबेरो-अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेने परिषदेच्या आवारातल्या खाद्यविक्रीसाठी निविदा काढली. दूषित होण्याचा धोका म्हणून ज्या पदार्थांना त्यात मनाई होती, त्यांत असाई, तुकुपी आणि मनिसोबा ही तीन नावं होती. पारा राज्याची ओळख ज्या पदार्थांनी होते, नेमके तेच. २०१५ मध्ये युनेस्कोने बेलेमला पाककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं ते याच स्वयंपाकाच्या बळावर. गावात संताप उसळला, तेव्हाचे पर्यटनमंत्री सेल्सो साबिनो हे स्वतः पाराचेच, त्यांनी मध्ये पडून निविदा दुरुस्त करून घेतली आणि बंदी उठली. बातमी तिथे संपली. मला मात्र ती तिथे संपवावीशी वाटत नाही, कारण ज्या भीतीपोटी ही बंदी आली ती भीती खोटी नव्हती. हे पदार्थ चुकीच्या पद्धतीने केले तर खरोखरच माणूस मरू शकतो.

तुकुपीपासून सुरुवात करू. ॲमेझॉनमध्ये कसाव्याचे दोन प्रकार लावतात, गोडा आणि कडू. कडव्या कंदात लिनामारिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. कंद किसला, पेशी फुटल्या, की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. तरीही तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी हाच कंद मुख्य अन्न म्हणून धरला. किडे आणि जनावरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, हा त्यातला मोठा फायदा. मग त्यांनी विष काढायची रीत बसवली. कंद सोलून किसायचा, ओला कीस तिपितीत भरायचा. तिपिती म्हणजे ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पट्ट्यांची विणलेली, पुरुषभर लांबीची नळी. वरचं टोक तुळईला अडकवतात, खालच्या टोकात दांडकं घालून त्यावर भार देतात. नळी ताणली जाते, अरुंद होते आणि विणीतून पिवळा रस ठिबकतो. तो रस भांड्यात ठेवला की पांढरा स्टार्च तळाशी बसतो. वरचा रस एक-दोन दिवस आंबू देतात आणि मग चांगला उकळतात. सायनाइड साधारण २६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळत्या रसातून ते उडून जातं. उरतो तो तुकुपी: पिवळाधमक, आंबट, लसूण आणि रानकोथिंबिरीच्या वासाचा. तिपितीतला चोथा भाजला की फारीन्या होतो, म्हणजे कसाव्याचं रवाळ पीठ. ते तिथे ताटावर असतंच. खाली बसलेला स्टार्चही वाया जात नाही.

त्या स्टार्चशी आपलं नातं फार जवळचं आहे. पोर्तुगीजांमुळे कसावा ब्राझीलबाहेर पडला आणि पुढे भारतात रुजला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा साबुदाणा आटला, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात कसाव्याच्या स्टार्चपासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. आज एकादशीला आपण भिजत घालतो तो हाच. खिचडीतले शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हेही मुळात अमेरिका खंडांतलेच. कसावा खाऊन माणूस दगावतो का, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर आपल्या घराघरांत आहे: रीत माहीत असली तर नाही.

बेलेममध्ये तुकुपी भेटतो तो संध्याकाळी, रस्त्यावर. दुपारच्या पावसाची सर ओसरली की कोपऱ्याकोपऱ्यांवर ताकाका विकणाऱ्या बायकांच्या गाड्या लागतात. मोठ्या पातेल्यांत तुकुपी उकळत असतो. गिऱ्हाईक आलं की बाई एका झाडाच्या फळाच्या टणक कवचाचा काळा, गुळगुळीत वाडगा घेते. त्यात आधी थोडा तुकुपी, मग खळीसारखा चिकट, पारदर्शक शिजवलेला स्टार्च, त्यावर जांबूची शिजवलेली पानं, सुकी कोळंबी आणि पुन्हा वरून वाफाळता तुकुपी. मिरची हवी का, हे विचारून घालते. चमचा मिळत नाही. वाडगा हाताला चटके देऊ नये म्हणून छोट्या परडीत ठेवून देतात, त्याला तोंड लावून घोट घ्यायचा आणि कोळंबी काडीने टोचून खायची. दोन-तीन घोटांत जांबू आपला गुण दाखवतो: ओठ झिणझिणतात, जीभ बधिर होते, तोंडाला पाणी सुटतं. आपल्याकडे दाढ दुखली की अक्कलकाऱ्याची फुलं चघळायला देतात, त्याच जातकुळीतली ही वनस्पती. त्या दमट उकाड्यात माणसं घाम पुसत उकळतं ताकाका पितात आणि त्यांना बरं वाटतं. अशा गाडीवरच्या बाईला विषाचं शास्त्र वर्गात कुणी शिकवलेलं नसतं. तिला तुकुपी किती उकळायचा हे आईकडून आलेलं असतं, आणि रोज तेच गिऱ्हाईक परत येतं, हा तिचा परवाना.

मनिसोबाची गोष्ट याहून कडक. तिच्यात कसाव्याची पानं वाटून घालतात आणि पानांतही तेच विष असतं. म्हणून ती साधारण सात दिवस शिजवायची, असा दंडक आहे. पाणी आटेल तसं घालत राहायचं, हिरवा लगदा काळपट होईपर्यंत थांबायचं, त्यात डुकराचं खारवलेलं आणि धुरावलेलं मांस मुरवायचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बेलेममध्ये सिरिओ दे नाझारे ही नाझारेच्या मातेची मिरवणूक निघते, वीसेक लाख माणसं रस्त्यावर उतरतात. त्या दिवशी दुपारी घरोघरी मनिसोबा आणि तुकुपीत शिजवलेलं बदक असतं, म्हणजे चूल आठवडाभर आधी पेटलेली असते. इतक्या लोकांनी इतकी वर्षं जे खाल्लं, ते निविदेच्या एका ओळीत धोकादायक ठरवताना ते कसं शिजतं हे लिहिणाऱ्याने विचारलंच नसावं असं वाटतं.

असाई या ताडाच्या जातीतल्या झाडाच्या फळाच्या बाबतीत मात्र मी निविदा लिहिणाऱ्याची भीती समजू शकतो. चागास रोगाचा परजीवी ज्या ढेकणाच्या जातीच्या किड्याच्या पोटात असतो, तो किडा ताडावर राहतो. फळांच्या टोपलीतून तो यंत्रात गेला आणि फळांबरोबर भरडला गेला, तर रोग सरळ पोटात जातो. २००५ मध्ये सांता कातारीनात उसाच्या रसातून असाच प्रादुर्भाव होऊन माणसं दगावली होती. पारामध्ये असाईतून लागण होते, हे तिथलं आरोग्य खातंही मान्य करतं. पण उपायही तिथेच सापडला आहे: फळं चाळायची, धुवायची आणि ८० अंशांच्या पाण्यात १० सेकंद बुडवायची. पारा सरकारने २०१२ पासून हे बंधनकारक केलं. गल्लोगल्ली लाल पाटी लावून असाई भरडणाऱ्या छोट्या दुकानांना पाणी, भांडी आणि प्रशिक्षण मिळालं तर रोग थांबतो. असाई परिषदेच्या ताटातून काढून टाकला तर फक्त पाहुणे सुरक्षित राहतात, गावातली पोरं नाही.

आणि तो असाई जगभरच्या कॅफेतला नव्हे. रिओ-साओ पावलोत तो गोठवलेला, गोड पाकाचा, केळ्याच्या चकत्या घातलेला मिळतो. बेलेमच्या वेरोपेझो बाजारात तो दुपारचं जेवण आहे: बिनसाखरेचा, जांभळट काळा, दाट, सोबत फारीन्या आणि तळलेल्या माशाचा तुकडा. चवीला मातकट, किंचित तेलकट. पहाटे होड्यांतून विणलेल्या टोपल्या धक्क्यावर उतरतात, फळ लवकर आंबतं म्हणून लगेच भाव ठरतो आणि दुपारपर्यंत ते वाडग्यात असतं. परदेशात मागणी वाढली तसा हंगाम नसतानाचा भाव गरिबाला झेपेनासा झाला आहे. पाराचं रोजचं अन्न पाराच्याच गरिबाच्या हातून निसटणं, हे मला बंदीइतकंच गंभीर वाटतं.

बंदीविरुद्ध सर्वांत ठामपणे बोलले ते साउलो जेनिंग्स. तापाजोस नदीकाठच्या सांतारेंचे हे शेफ ॲमेझॉनच्या पाककृतींचा आज सर्वांत मोठा आवाज आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रिन्स विल्यम यांच्या रिओ दौऱ्यातल्या एका भोजनाचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आयोजकांना सगळं व्हेगन हवं होतं आणि जेनिंग्स यांनी काम नाकारलं. त्यांना पिरारुकू वाढायचा होता. या नकारावर टीकाही झाली. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. पिरारुकू हा तीन मीटरपर्यंत वाढणारा गोड्या पाण्यातला मासा, बेसुमार मासेमारीने संपत आला होता. त्याला हवेतून श्वास घ्यायला वर यावं लागतं. मामिराउआ राखीव क्षेत्रातले मच्छीमार तो वर येताना तळ्याकाठी बसून मोजतात, आणि मोजलेल्या मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के धरायची परवानगी मिळते. १९९९ पासून ही पद्धत सुरू आहे आणि मासे कैक पटींनी वाढले. ताटात पिरारुकू असणं म्हणजे ती तळी राखणाऱ्या माणसांना मोबदला मिळणं. जंगल वाचवायला जमलेल्यांनी हे पान नाकारावं, याचं वाईट वाटतं.

स्थानिक जेवणाला असं दाराबाहेर ठेवणं पहिल्यांदाच झालं असंही नाही. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत साल्वादोरच्या स्टेडियमजवळ आकाराजे विकणाऱ्या बायकांना मज्जाव झाला होता. चवळीच्या भिजवलेल्या डाळीचा, पामतेलात तळलेला हा वडा विकण्याचं त्यांचं काम २००५ पासून राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेलं आहे. त्या एकत्र आल्या, लढल्या आणि काहींना आत जागा मिळाली.

ब्राझीलच्या रोजच्या जेवणाबद्दलही बाहेर असाच गैरसमज आहे. ब्राझीलमध्ये बाहेर जेवणं म्हणजे सळ्यांवरचं मांस घेऊन फिरणारे वाढपी, असं चित्र पर्यटन कंपन्यांनी रंगवलं आहे. प्रत्यक्षात नोकरदार ब्राझिलियन दुपारी जेवतो तो वजनावर मिळणाऱ्या जेवणाच्या खानावळीत. १९८० च्या दशकात पसरलेली ही पद्धत साधी आहे: ताट घ्या, भात, घेवड्याची उसळ, हिरवी भाजी, सॅलड हवं तेवढं वाढून घ्या, ताट काट्यावर ठेवा, चिठ्ठी घ्या, जाताना पैसे द्या. २०१४ च्या सरकारी आहार मार्गदर्शिकेत बाहेर जेवायचं तर ताजं शिजवणाऱ्या अशा जागा निवडा, असा सल्ला आहे. ती तयार करण्यात साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांच्या गटाचा मोठा वाटा होता. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाविरुद्धची आजची जागतिक चर्चा याच गटाने उभी केली. आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशाला अशी खानावळ सर्वांत सोयीची, फक्त उसळीत डुकराचं मांस घातलंय का ते आधी विचारावं. अनेकदा घातलेलं असतं. 

बेलेमनंतरची हवामान परिषद तुर्कस्तानात अंताल्याला आहे. तिथल्या भोजनाची निविदा लिहायला बसणाऱ्यांनी आधी अंताल्याच्या बाजारात जावं, आणि धोकादायक पदार्थांची यादी करायचीच असेल, तर प्रत्येक नावापुढे तो पदार्थ रोज करणाऱ्याला विचारून त्याची कृतीही लिहावी.