बारावी झाली, आता पदवीला विषय कोणता?

बारावीचा निकाल लागला की मावळात दोन कामं एकदम अंगावर येतात. एकीकडं भाताचं रोप टाकायचं, दुसरीकडं पोराच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा. रोपासाठी घरात चार-चार दिवस बोलणं चालतं. इंद्रायणी टाकायची की दुसरं काही, बी कुठून आणायचं, गेल्या साली दाणा कसा भरला होता, सगळा हिशेब निघतो. पोराचा विषय मात्र कॉलेजच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या ठरतो. "तुझा मित्र काय घेतोय?" "तोच घे मग." तीन वर्षं, आता म्हटलं तर चार वर्षं, त्या पाच मिनिटांवर जातात.

पूर्वी हे खपून जायचं. शिकला तर शिकला, नाही तर घरची शेती होतीच. आता तसं राहिलं नाही. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला, तळेगावला एमआयडीसी वाढली, पवना धरणाच्या कडेनं फार्महाऊस उठले. ज्यांनी जमीन विकली त्यांच्या पोराला मागं वळून बघायला रान नाही. ज्यांनी ठेवली त्यांची भाऊवाटणीत गुंठ्यांवर आली. राज्यातलं सरासरी खातंच २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर निघालं. तेव्हा पदवीचा विषय हा आता घरातल्या एका पिढीच्या भाकरीचा प्रश्न आहे.

"पोराला कंपनीत चिकटवू" हे उत्तर फार ऐकू येतं. कंपनीत चिकटावं, त्यात वावगं काही नाही. पण तळेगावचंच बघा. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्याकडं बघून किती घरांनी बेत आखले असतील. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढं २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो घेण्याचा करार केला. म्हणजे कारखान्याची भिंत तीच, पण मधल्या काळात कामगाराच्या घरची चूल कशी पेटली ते ज्याचं त्याला ठाऊक. एका फाटकाकडं बघून विषय निवडू नये, दहा फाटकांवर चालेल असा निवडावा. आणि यंत्रावरच काम करायचं असेल तर आयटीआय किंवा डिप्लोमा हा सरळ रस्ता आहे. मन नसताना बी.ए.ला नाव घालून पोरगं कंत्राटी कामावर पाठवण्यात ना पदवी होते ना हुन्नर येतो.

कुलूप अकरावीलाच लागतं

पुष्कळ पालकांना वाटतं, विषयाचं बारावीनंतर बघू. पण निम्मं ठरून गेलेलं असतं. शास्त्र शाखेतून बारावी केलेला मुलगा कला किंवा वाणिज्यला जाऊ शकतो, कलावाल्याला बी.एस्सी.चं दार उघडत नाही. शास्त्रातही गणित घेतलं नाही तर इंजिनिअरिंग अडतं, जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टरकी आणि नर्सिंग अडतं. म्हणून दहावीच्या निकालानंतरच "पुढं काय व्हायचंय" हे पोराला बसवून विचारा. त्याला नक्की सांगता आलं नाही तरी "काय नकोय" ते तो सांगतो. तेवढ्यानंही बरंच भागतं.

दुसरं कुलूप सीईटीचं. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांना ती लागते हे आता खेड्यातही माहीत झालंय. पण बी.बी.ए., बी.सी.ए. यांनाही राज्यात २०२४ पासून सीईटी आली, हे कित्येकांना कॉलेजात गेल्यावरच कळलं. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच भरायचे असतात. निकालानंतर जाग आली तर ते वर्ष हातचं गेलं.

शेतकऱ्याच्या पोरानं शेतीच शिकावी का?

शिकावी, पण डोळे उघडे ठेवून. बी.एस्सी. कृषी ही चार वर्षांची पदवी. शास्त्र शाखेतून, जीवशास्त्राच्या किंवा गणिताच्या गटातून, सीईटी देऊन प्रवेश. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. पुण्याचं शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाकडं येतं. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला सातबाऱ्यावर गुणांचा अधिभार मिळत आलाय. तो किती आणि उतारा कोणाच्या नावचा चालतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावं. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली तरी वारस नोंद झालेली नाही, अशी घरं गावोगाव आहेत. त्यांनी हे आधी उरकून घ्यावं.

मावळच्या पोरानं दापोलीचाही विचार करावा, असं आम्हाला वाटतं. आपण पुणे जिल्ह्यात असलो तरी आपला पाऊस आणि आपलं भात कोकणाच्या जवळचं. ऊस आणि द्राक्षाची शेती शिकून आंदर मावळात उपयोग किती, हा प्रश्न आहेच. पण अभ्यासाची किंमत बघायची तर लांब जायला नको. इंद्रायणी हा वाण आपल्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये लागवडीसाठी आला. आंबेमोहराचा वास राहिला आणि उतारा वाढला. आज बाजारात मावळचा तांदूळ म्हटलं की गिऱ्हाईक इंद्रायणीच मागतं. ते काम वनस्पतीचं आणि पैदाशीचं शास्त्र शिकलेल्या माणसांनीच केलं.

एक बारीक गोष्ट फार जणांना माहीत नसते. कीटकनाशकाच्या दुकानाचा परवाना आता शिक्षणाला बांधलेला आहे. कृषी पदवीधराला तो मिळतोच, पण रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेलाही त्यात बसतो. खताच्या परवान्याला कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी चालते. म्हणजे कामशेतला किंवा पवनानगरला कृषी सेवा केंद्र काढायचं ज्याच्या डोक्यात आहे, त्याला कृषीला नंबर लागला नाही तरी रस्ता बंद होत नाही. जवळच्या कॉलेजात साधी बी.एस्सी. करूनही ते साधतं. आणि गुलाबाच्या पॉलिहाऊसचंच शिकायचं असेल तर त्याला पदवीच लागते असं नाही. तळेगावातच सुगी पश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं प्रशिक्षणं होतात.

बी.ए. म्हणजे रिकामं काम नव्हे

बी.ए.ला आपल्याकडं फार हिणवतात. "काहीच जमलं नाही म्हणून आर्ट्स." हे निम्मं खरं, निम्मं आळसाचं बोलणं. तलाठी भरतीला, राज्यसेवेच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. मग राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र हे विषय मन लावून केलेल्या मुलाचा परीक्षेचा निम्मा अभ्यास पदवीतच होतो. मात्र जागा मोजक्या आणि अर्ज ढिगानं. तिशी येईस्तोवर पुण्यात खोली घेऊन परीक्षा देत बसलेली पोरं आपल्या गावात मोजून बघा. परीक्षा द्यावी, पण हाताला दुसरं काही येईल असा विषय जोडीला असावा. शिक्षक व्हायचं असेल तर आणखी जपून. बी.एड.ला शिकवण्याचा विषय पदवीच्या विषयावर ठरतो. शाळेत जो विषयच नाही तो घेऊन पदवी केली तर पुढं अडचण होते.

इतिहासाचं म्हणाल तर कार्ला, भाजे, बेडसे आपल्या दारात. लोहगड जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा यादीत गेला. पावसाळ्यात भाजे-लोहगडाच्या वाटेवर माणसाला माणूस लागतं. त्यांना कणीस आणि चहा विकणारे आपण. लेण्यातला शिलालेख काय सांगतो हे नीट सांगणारा आपल्यातला किती? इतिहास आणि जोडीला बोलण्यापुरतं इंग्रजी-हिंदी घेतलेल्या मुलाला इथं काम आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचं काम शास्त्राच्या अंगानं उभं केलं. परदेशातली माणसं तिथं शिकायला येतात, वाकसई-वरसोलीच्या पोरांनी चौकशी करायला काय हरकत आहे?

कॉमर्सबद्दल थोडक्यात. जीएसटी २०१७ मध्ये आल्यापासून चिक्कीच्या दुकानापासून हॉटेलापर्यंत हिशेबाचा माणूस सगळ्यांना लागतो. हिशेबाची गोडी असेल तर बी.कॉम.ला कमी लेखू नका. आणि जमिनीचे दावे ज्या तालुक्यात इतके, तिथं वकिली हाही धंदाच. बारावीनंतर पाच वर्षांची, नाही तर कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांची.

एसटी, लोकल आणि पोरीचा विषय

आता जे बोललं जात नाही ते. मुलीचा विषय पुष्कळदा एसटीचं वेळापत्रक ठरवतं. सावळे-खांडीकडच्या मुलीला आधी तळेगाव किंवा वडगाव गाठायचं. शास्त्राची प्रात्यक्षिकं दुपारी चालतात, परतीची गाडी चुकली तर अंधार. मग घरात ठरतं, "तू आर्ट्सच घे, लवकर सुटतं." हुशार पोरीची प्रयोगशाळा अशी एका गाडीपायी सुटते. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात प्रात्यक्षिकांच्या वेळा विचारा. गावातल्या चार मुली एकाच कॉलेजात जाणार असतील तर ग्रामपंचायतीनं ठराव करून आगाराकडं गाडीची वेळ मागावी. लोकलच्या पट्ट्यातल्यांचं बरं आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावतेय, आणि पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा रेल्वे पास मोफत असतो. कॉलेजचा दाखला नेऊन तो काढायचा.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक पदवीला गेलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. एजंटाच्या नादी लागून कोट्यात पैसे भरणाऱ्यांनी हे आधी वाचावं. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयंम योजना आहे. चौकशी घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात.

विषय चुकलाच तर? पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या धोरणाची रचना आली. मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घ्यायचा, तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मधे सोडावं लागलं तरी मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. गौण विषय मित्राला विचारून घेऊ नका. मुख्य विषय भाकरी देणार नसेल तर गौण विषयानं ती द्यावी, असा घ्या. घर सोडणं शक्यच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. शेत सांभाळून पदवी करणाऱ्यांसाठीच ते निघालं.

तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक यांना एक विनंती (पदांची नावं २०२४ मध्ये बदलली, लोकांच्या तोंडी जुनीच आहेत). उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जातीचा दाखला यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रापुढं रांग लागते. जात वैधता प्रमाणपत्राला तर महिने जातात आणि व्यावसायिक प्रवेश त्याच्यावाचून अडतो. अकरावीत असलेल्या मुलांची यादी करून दिवाळीनंतरच गावात एक दिवस बसलात तर पुष्कळांचं काम होईल. कातकरी वाडीवर मात्र स्वतः जावं लागेल. तिथल्या पोराकडं आजोबाचा शाळेचा दाखला नसतो, कारण आजोबा शाळेत गेलेलाच नसतो. जुन्या नोंदी कुठं सापडतील हे त्याला कोणी तरी सांगायला हवं.